यमाजीची वाट

संक्रांत होऊन चार दिवस झाले नाहीत, तोवर शेजारच्या हौशीरामनं जेसीबी लावून वाटेत चर मारला. चांगला छातीइतका खोल. सकाळी औषधाचा पंप पाठीला लावून दादाभाऊ करगळ मोटरसायकलवरून रानाकडं निघाला होता. त्यानं चरापाशी ब्रेक मारला आणि गाडीवरून न उतरता चरात वाकून पाहिलं. मग गाडी वळवून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "नंदे, वाट गेली."

नंदा भाकरी थापत होती. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, कुणीतरी वारलं.

करगळांचं घर निरगुडसरला, रस्त्याच्या कडेच्या वस्तीवर. घराला लागूनच कांदा साठवायची बराख. सव्वा एकराचं रान मात्र आत, ओढ्याच्या अंगाला. मध्ये हौशीरामचं शेत. त्याच्या बांधाच्या कडेनं दोनशे पावलं चाललं की करगळांचं रान लागायचं. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, पण वाट तीच. दादाभाऊचा बाप तिथून गेला, आजा गेला. ही वाट कुणी दिली, असा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता.

दोघं नवराबायको हौशीरामच्या दारात गेली. त्यानं बसा म्हटलं नाही. त्याची बायको साळुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली.

"माझे दोन तुकडे हाईत," हौशीराम म्हणाला. "ते मला एक करायचेत. टोमॅटोची तारकाठी उभी करायचीये. मधनं तुमचा ट्रॅक्टर गेल्यावर कसं व्हायचं?"

"अवं पण आमी जायचं कुठनं?" दादाभाऊ म्हणाला.

"ते मी कसं सांगू? इतकी वर्सं गेलात ते आमच्या म्हाताऱ्याच्या भलेपणानं. हक्कानं न्हाई."

"आमचा यमाजी इथं आला तवापासनं वाट हाय."

हौशीराम हसला. "तुमचा यमाजी मेंढरं बसवायला आला व्हता, दादाभाऊ. आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची अन् दोन पायल्या ज्वारी घेऊन पुढं जायचं. मेंढराला कसली आली गाडीवाट?"

दादाभाऊचा चेहरा उतरला. घरात यमाजीचं नाव देवासारखं घेतलं जायचं. कोकणाच्या वाटेवरचा हा मेंढका इथं थांबला, ओढ्याकाठचा काटेरी माळ फोडला आणि करगळांना शेतकरी केलं, असं दादाभाऊला त्याच्या आईनं, ठकूबाईनं, लहानपणापासून सांगितलेलं. ठकूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. आता सांगायलाही कुणी उरलं नव्हतं.

तालुक्याला जाऊन रस्त्याची केस टाकली. पहिली तारीख फेब्रुवारीत लागली. तहसीलदार मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. हौशीरामचा वकील उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, गावच्या आजच्या नकाशावर ही वाट नाही. हे म्हणतात वाट जुनी, कुणा यमाजीपासूनची. तर त्या यमाजीचं नाव एखाद्या जुन्या कागदावर दाखवावं. आमचं काही म्हणणं नाही."

"आहे का काही कागद?" मॅडमनी विचारलं.

दादाभाऊनं नंदाकडं पाहिलं. नंदा जमिनीकडं पाहत होती.

"काढतो, मॅडम," तो कसाबसा म्हणाला. त्याच्यामागं बसलेलं कुणीतरी हळूच हसलं. ते हसू नंदाच्या मानेवर गरम पाण्यासारखं सांडलं.

रेकॉर्ड रूमला मोहिनी नावाची बाई होती. तरणी, चष्मेवाली, बोलायला गोड. तिनं अर्ज घेतला, नाव लिहून घेतलं, यमाजी. दोन दिवस वेळ मागितला. तिसऱ्या दिवशी गेल्यावर म्हणाली, "काका, निरगुडसरची जुनी सगळी खातेयादी चाळली. यमाजी नावाचा खातेदार कुठंच निघत नाही. तुमच्या आजोबांच्या मागं मला जाताच येईना."

येताना एसटीत दादाभाऊ खिडकीला डोकं टेकून बसला. मंचर मागं पडल्यावर म्हणाला, "मिटवून घिऊ. त्याच्या पाया पडू. म्हणू, वर्साचं काय ते भाडं घे."

"स्वतःच्या वाटंचं भाडं?"

"वाट आपली कुठंय? ऐकलं न्हाईस का? यमाजीच नव्हता म्हणं."

त्यानं डोकं पुन्हा खिडकीला टेकलं.

मार्च सरत आला तसा कांदा काढणीला आला. माना पडल्या, पात पिवळी झाली. थांबवून चालणार नव्हतं. बायका लावल्या, कांदा उपटला, पात कापली, शेतातच ढीग करून पोळी घातली. आता प्रश्न होता घरापर्यंत आणायचा. ट्रॅक्टरला वाट नाही. मग ओढ्यात उतरायचं, वाळूतून आणि दगडगोट्यांतून वरच्या अंगाला जायचं, दरड चढायची आणि मोठा वळसा घालून रस्त्याला लागायचं. एका खेपेला अर्धा तास.

रोजगारी बायकांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. "वैनी, काढायचं सांगा, कापायचं सांगा. वाहायचं न्हाई जमायचं."

मग दोघंच वाहू लागली. दादाभाऊ खांद्यावर पिशवी घ्यायचा, नंदा डोक्यावर पाटी. ओढ्यात पाय ठेवायचा तर गोटा हलायचा, आणि पाटी एका बाजूला गेली की मानेतून कळ थेट कमरेपर्यंत जायची. दरड चढताना दोन्ही हात पाटीला, मग पदर सावरायला हात नाही. घाम डोळ्यांत उतरायचा. कांद्याची टरफलं गळ्याला, पाठीला चिकटायची आणि खाजवायलाही थांबता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी दादाभाऊचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. तरी लंगडत तो खेपा घालत राहिला.

चौथ्या दिवशी दरडीच्या टोकाला नंदाचा पाय घसरला. पाटी उलटली. कांदे गडगडत ओढ्यात गेले. ती खाली बसूनच राहिली. पलीकडं हौशीरामच्या शेतात तारकाठी बांधणारी माणसं होती. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. नंदानं एकेक कांदा वेचून पाटी पुन्हा भरली. वेचता वेचता तिला सासूचं एक बोलणं आठवलं. दसऱ्याला पुरणाचा निवद दाखवताना ठकूबाई दरवर्षी म्हणायची, "आपल्या घरात नुसता टाक. देवाचं दप्तर अवसरीला थोरल्या पातीकडं."

दप्तर म्हणजे काय, हे नंदानं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कांद्यावर साड्या पसरून, दादाभाऊला गुडघ्याला शेक द्यायला सांगून ती अवसरी खुर्दला गेली. कॉलेजची पोरंपोरी भरलेल्या जीपमधून उतरून विचारत विचारत कुशाबाईचं घर गाठलं. कुशाबाई म्हणजे थोरल्या पातीतली, दादाभाऊची चुलत चुलती, पंचाऐंशीच्या पुढची. वाटण्यांच्या वेळी दोन्ही घरांचं बिनसलं, ते येणंजाणं बंद झालेलं. ठकूबाईच्या दहाव्यालासुद्धा हिच्याकडचं कुणी आलं नव्हतं.

म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. नंदानं पायावर डोकं ठेवलं.

"कोण गं?"

"नंदा, काकी. निरगुडसरच्या दादाभाऊची."

कुशाबाई शेंगा फोडत राहिली. "बारा वर्सांनी पाय लागलं. कायतरी आडलंय."

"आडलंय, काकी." नंदानं लपवलं नाही. चर, केस, मोहिनीबाई, ओढा, सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवून आली होती. यमाजीच नव्हता म्हणतात, ह्या वाक्यापाशी मात्र आवाज फुटला.

म्हातारीचे हात थांबले. "यमाजी नव्हता? मग आमी काय ढगातनं पडलो?"

"कागद मागत्यात."

"दप्तर पायजे व्हय तुला." कुशाबाई उठली, भिंत धरत देवघरापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. "ते देवाचं हाय. माझ्या सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. दर दसऱ्याला हळदकुकू वाहते. आजवर सोडून पाह्यलं न्हाई कुणी. देवाला उघडं करायचं असतं का?"

"देवाच्याच लेकरांची वाट बंद झालीया, काकी."

म्हातारी देव्हाऱ्याकडून वळली. नंदाला वाटलं, आता म्हणेल, जा. पण तिनं नंदाचा हात धरला, उलटा केला, तळव्यावरचे फोड बोटानं चाचपले.

"डोक्यावर वाहतीस?"

"हां."

"दादाभाऊला म्हणावं, काकीकडं यायला वाट लागत न्हाई." आणि तिनं देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून लाल फडक्याचं गाठोडं काढून नंदाच्या ओटीत घातलं.

आत तीन कागद होते. हळदीनं पिवळे, कुंकवानं ठिपकेदार, घडीवर फाटायला आलेले. अक्षरं अशी वळणाची की एकही ओळखू येईना. मोडी होती.

मोडी वाचणारे सोपान गुरुजी जुन्नरला आहेत, असं मोहिनीबाईनं फोनवर सांगितलं. दादाभाऊ म्हणाला, मी येतो. गुडघ्याला फडकं बांधून तोही आला. जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या बोळात, भांड्यांच्या दुकानावर गुरुजींची खोली. शाळेतून रिटायर होऊन वीस वर्षं झालेला बारीक चणीचा माणूस. त्यांनी कागद काचेवर पसरले, पिसानं हळद झाडली, भिंग लावलं.

"पहिला कागद देवाच्या नवसाचा आहे. दुसरा मेंढरांच्या वाटणीचा." ते तिसऱ्यावर वाकले आणि मध्येच थांबले. "यमाजी कोण तुमचा?"

"खापरपणजा," दादाभाऊ पुढं सरकला. "हाय का नाव?"

"आहे. पण जरा वेगळंच आहे." गुरुजी बोट ठेवून सावकाश वाचू लागले. "शके अठराशे आठ. भिमा कोम यमाजी धनगर, मौजे निरगुडसर, यासी हरजी वलद मकाजी लिहून देतो ऐसे जे..."

"कोम म्हंजी?" नंदानं विचारलं.

"बायको. यमाजीची बायको भिमा. कागद तिच्या नावानं आहे." ते पुढं वाचू लागले. "तुझा दादला यमाजी मेंढरे घेऊन कोकणात उतरला, तो आज सात साले परागंदा. शेत तूच वाहतेस व सारा तूच भरतेस. तुझे शेतास आमचे बांधाकडून एक गाडी जाईल इतकी वाट पूर्वीपासून चालत आली. ती आम्ही हरकत करून मोडली होती. ती पंचांसमक्ष मोकळी करून दिली. पुढे आमचे वंशाने तुझे वंशास अडथळा करू नये. हे लिहून दिल्हे सही."



"हरजी मकाजी," नंदा म्हणाली. "हौशीरामभाऊंच्या घरातलं नाव हाय हे. त्यांच्या देवाच्या देवळीवर कोरलंय."

दादाभाऊचं तिकडं लक्ष नव्हतं. "परागंदा म्हंजी पळून गेला?"

"निघून गेला. काय झालं ते लिहिलेलं नाही. मेलाही असेल बिचारा."

"मग माळ कुणी फोडला?"

गुरुजींनी कागद त्याच्याकडं फिरवला. खाली दोन खुणा होत्या. "त्या काळात लिहिता न येणारा माणूस निशाणी करायचा. शेतकऱ्याची निशाणी नांगर. ही हरजीची. बायकांची निशाणी बांगडी असायची, गोल. आता ही भिमाची बघा. लिहिणाऱ्यानं आधी गोल काढलाय. तो खोडलाय. आणि शेजारी नांगर काढलाय." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "चाळीस वर्षं मोडी वाचतोय. बाईनं नांगर काढायला लावलेला मी पहिल्यांदा पाहिला."

दादाभाऊनं त्या खुणेवर बोट फिरवलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि एकाएकी त्याला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. "आईला म्हायती नसणार हे," तो म्हणाला. "जल्मभर यमाजीला निवद दाखवला तिनं."

"दोघं खात असतील," नंदा म्हणाली.

मोहिनीबाईनं कागदाची झेरॉक्स पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काकू, आपण यमाजी यमाजी करत बसलो. य अक्षराखाली शोधलं. भ खाली कुणी बघायचं?" ती आत गेली. अर्ध्या तासानं धुळीनं माखलेले हात पुढं धरून बाहेर आली, तोंडभर हसत. जुन्या मोजणीच्या वहीत खातेदार म्हणून नाव होतं, भिमा कोम यमाजी. आणि त्या मोजणीच्या टिपणावर, म्हणजे हातानं काढलेल्या नकाशावर, हौशीरामच्या बांधाला लागून, दोन तुटक रेघांची गाडीवाट ओढ्यापर्यंत गेलेली.

नंदा बाकावर बसली. मोहिनीबाईनं पाणी आणून दिलं, ते ती घटाघटा प्यायली. तीन महिन्यांत तहान लागल्याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढची तारीख सोमवारी होती. मॅडमनी सही-शिक्क्याची नक्कल पाहिली, गुरुजींनी करून दिलेलं मोडीचं वाचन पाहिलं आणि हौशीरामच्या वकिलाकडं सरकवलं. वकिलानं वाचलं, हौशीरामच्या कानात काहीतरी सांगितलं. मंगळवारी मॅडम स्वतः जागेवर आल्या, तलाठ्याला बरोबर घेऊन. टिपणाप्रमाणं फीत लावली. चर बरोबर वाटेच्या मधोमध होता. बुधवारी आदेश निघाला, चर बुजवून वाट खुली करावी.

हौशीरामनं अपील करीन म्हटलं नाही. पंचनाम्यावर सही करताना त्यानं मोडीचं वाचन पुन्हा मागून घेतलं आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. "हरजी माझा खापरपणजा," तो म्हणाला. "त्याचं नाव कुठं लिव्हलेलं मी पह्यल्यांदा बघतोय. देवळीवरचं सोडून." मग दादाभाऊकडं न बघता, "एक झेरॉक्स मला बी द्या."

"देतो की," दादाभाऊ म्हणाला.

"तारकाठी दोन फूट आत घेतो. एवढं काय न्हाई त्यात."

गुरुवारी सकाळी तोच जेसीबी आला आणि चर बुजवला. दुपारपासून पश्चिमेला आभाळ भरायला लागलं. रेडिओवर गारपिटीचं सांगत होते. दादाभाऊनं ट्रॅक्टर भाड्यानं सांगितला. रोजगारी बायका आपणहून आल्या. पिशव्या भरायच्या, शिवायच्या, ट्रॉलीत टाकायच्या. ओढ्यातून ज्याला चार दिवस लागले होते, तेवढा कांदा एका खेपेत घरी गेला. नंदा पहिल्या ट्रॉलीमागून रिकाम्या हातांनी चालत घरी आली आणि परत गेली. काम काही नव्हतं त्या खेपेत. दोनशे पावलं जायची, दोनशे यायची, एवढंच. मानेवर काही नव्हतं. हात कुठं ठेवायचे हे तिला सुचेना.

शेवटची ट्रॉली भरता भरता वारं सुटलं. धूळ उडाली, थेंब पडायला लागले, मोठाले. ट्रॉलीवर टाकायला ताडपत्री नव्हती. घरातली होती ती बराखीवर अंथरलेली. दादाभाऊ ड्रायव्हरला ओरडत होता, नंदा साड्या पसरत होती, आणि साड्या वाऱ्यानं उडत होत्या.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी पळत आलं. साळुबाई होती. डोक्यावर निळी ताडपत्री, टोमॅटोच्या क्रेटवर टाकायची. तीन महिने ती नंदाशी एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही. एक टोक नंदाच्या हातात दिलं, दुसरं धरून ट्रॉलीच्या पलीकडं गेली. दोघींनी ताडपत्री ओढली, दोरी खालून घेतली, गाठी मारल्या. पाऊस जोरात आला. दोघीही ट्रॉलीच्या आडोशाला, मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. पाणी ताडपत्रीवरून ओघळून त्यांच्या पायांपुढं पडत होतं.

"किती निघाला?" साळुबाईनं विचारलं.

"दीडशे पिशव्या व्हतील."

"चांगला पोसलाय."

"हां. ह्या वर्सी बरा पोसला."

मग साळुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी ते वाचून दाखवत व्हते मला. त्या भिमाचं. तो तिचा नवरा, यमाजी... आला का गं परत कधी?"

"कागदात न्हाई लिव्हलं."

साळुबाईनं मान हलवली. "न्हाईच आला."

"तुला काय म्हायती?"

"आला असता, तर जमीन त्याच्या नावावर झाली असती."

नंदानं तिच्याकडं पाहिलं. साळुबाईचा चेहरा सरळ होता, ओठांचं टोक तेवढं हलत होतं. आधी नंदाला हसू फुटलं, मग साळुबाईला, आणि दोघी इतक्या हसल्या की पलीकडून दादाभाऊनं भिजत ओरडून विचारलं, काय झालं. कुणीच सांगितलं नाही. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चालू केला. दोघी चाकापासून बाजूला झाल्या आणि ट्रॉली बुजवलेल्या चरावरून, भिजलेल्या मऊ मातीत चाकं जरा रुतवत, वर निघाली.